एक छापा, एक काटा

१

हमालाच्या खांद्यावरून पेटी निसटली आणि फुटली. आतून शिलाई मशीनचं हेड निघायला हवं होतं. निघाल्या पाच विटा, गोणपाटात गुंडाळून सुतळीनं नीट बांधलेल्या.

वाडीतल्या दत्तोपंतांच्या गोदामात सोमवारी सकाळी नऊ वाजता हे झालं. साडेनऊपर्यंत चाळीसपैकी अकरा पेट्यांत विटा निघाल्या, आणि दहा वाजता दत्तोपंतांना चोरही सापडला. त्यासाठी त्यांनी डोक्याला फार ताण दिला नाही. काल रविवार होता, काल गोदामावर कारकून आनंदराव एकटा बसला होता, म्हणजे चोर आनंदराव. झालं. "चार वाजता ठाण्यातून जमादार येतो आहे," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तोवर हा इथून हलता कामा नये." आणि त्याला ऑफिसातल्या बाकावर बसवून ठेवलं.

अकराच्या सुमारास आनंदरावची बायको जया धापा टाकत रामदासपेठेतल्या एका शाळेच्या दारात उभी राहिली. दहावीचा गणिताचा तास चालू होता. फळ्यापाशी होत्या कौसल्याबाई, आनंदरावची मोठी बहीण.

"ताई, यायले पोलिसात देऊन राहिले!"

कौसल्याबाईंनी खडू खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यानं पाठवलं तुले?"

"नाई. ते तर म्हनत होते, काही झालं तरी ताईले बोलावू नको." जयानं पदरानं कपाळ पुसलं. "म्हनूनच आली."

खरं तर बहीणभावाचं बोलणं तुटून वर्षं झाली होती. शाळेत कौसल्याबाई त्याची बाई होती, आणि भावाला झुकतं माप देते असं कोणी म्हणू नये म्हणून तिनं उलट टोक गाठलं होतं. इतरांना एक छडी, तर आनंदाला दोन. इतरांना दटावणी, तर आनंदाला वर्गाबाहेर. दोनदा मॅट्रिक नापास झाल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "तूच मले नापास केलं." तेव्हापासून लग्नाकार्यात समोर आले तर मान हलवायची, बस्स.

कौसल्याबाईंनी पर्स उचलली. राग आला होता, आणि तो नेमका कोणाचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

२

ट्रकांच्या धुळीतून दोघी गोदामात शिरल्या. बहिणीला पाहताच आनंदरावचं तोंड कडू झालं.

"तू काहून आली?"

"तुई मिरवणूक पाहाले. चोरी केली का?"

"नाई."

"मंग मान वर करून बस."

"हे शाळा नाही तुई!" तो ओरडला. हमालांनी माना वळवल्या.

दत्तोपंत टेबलामागून उठले. धोतर, काळा कोट, कपाळाला आठ्या. "बाई, चोरीचा मामला आहे. इथं तुमचं काय काम? ह्याला कामावर ठेवला हीच माझी चूक झाली. तुमच्या लोकांना कितीही—"

"माझ्या लोकांना काय? वाक्य पुरं करा."

दत्तोपंतांनी वाक्य पुरं केलं नाही. नुसता घसा साफ केला. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून कौसल्याबाईंनी असली अर्धी वाक्यं इतकी ऐकली होती, की बोलणाऱ्याला ती पुरी करायला लावणं हा त्यांचा नेमच झाला होता.

"पेट्या दाखवा," त्या म्हणाल्या. "भाऊ चोर असेल तर मीच त्याला जमादाराच्या हवाली करीन. मला ओळखतो तो."

"ओळखतो ना," बाकावरून आवाज आला.

पेट्या मागच्या भिंतीशी होत्या. कंपनीचा आणि दुकानदाराचा वाद चालला होता म्हणून माल दसऱ्यापासून पडून होता, आणि वाद मिटला म्हणून आज तो ट्रकवर चढत होता. कौसल्याबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि अकराही झाकणं एकेक करून पाहिली. मग दत्तोपंतांना जवळ बोलावलं.

"कंपनीचे खिळे चपट्या डोक्याचे. ह्या अकरा पेट्यांवरचे गोल डोक्याचे. म्हणजे झाकणं काढून पुन्हा ठोकली आहेत. दिसतं का?"

"तेच तर म्हणतो मी! काल ठोकली."

"मग हे खिळे गंजून तपकिरी कसे झाले? हे अर्धवट गंजलेत. आणि हे दोन पेट्यांवरचे अजून चमकताहेत. एका दिवसात ठोकलेले खिळे एकसारखे दिसले असते. ही चोरी एका दिवसाची नाही, सहा महिन्यांची आहे."

दत्तोपंत वाकून बघत राहिले. त्यांना ते दिसत होतं आणि दिसलेलं आवडत नव्हतं.

"इथं एकटा माणूस कधी असतो?"

"आठवडाभर पंधरा माणसं असतात," ते नाइलाजानं म्हणाले. "रात्री रामाजी चौकीदार आणि दोन हमाल त्या पेट्यांना खाटा लावूनच झोपतात. रविवारी दिवसभर त्या सगळ्यांना सुटी. तेव्हा माझ्या तीन कारकुनांपैकी एक बसतो आणि संध्याकाळी रामाजीला किल्ली देऊन घरी जातो."

"सायकलनं?"

"तिघंही. नाक्यापलीकडे शहरात राहतात."

"हातगाडी असती तर जकात नाक्यावर अडवली असती. सायकलवाल्याला कोण विचारतो? पण तेरा-चौदा किलोचं हेड, कॅरिअरवर एकच मावणार. दिवसा गोदाम सोडून जाता येत नाही, म्हणजे संध्याकाळी एक फेरी, एक हेड. अकरा हेड म्हणजे अकरा रविवार, दत्तोपंत. रविवारची वही काढा."

वही आली. दसऱ्यानंतर चोवीस रविवार झाले होते. आनंदराव बसला सहा रविवार. दुसरा कारकून रविंद्र पाच. तिसरा, विश्वनाथ, तेरा.

"सहा रविवारांत अकरा हेड जात नाहीत," कौसल्याबाई म्हणाल्या. "पाचांतही नाहीत."

दत्तोपंत हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच हसू होतं आणि त्यात भलेपणा अजिबात नव्हता.

"इथंच फसलात, बाई. विश्वनाथला तेरा रविवार मी दिले नाहीत आणि त्यानंही मागितले नाहीत. ते त्याला नाण्यांनी दिलेत. आता नाण्यांना बेड्या घालता का?"

३

नाण्यांची गोष्ट रविंद्रनं सांगितली. हा रविंद्र म्हणजे भांडकुदळ माणूस, दर वाक्याला हात नाचवणारा.

"पयले पाळी होती, लाइनीनं. पन दसऱ्याले याची पाळी आली," त्यानं आनंदरावकडे बोट केलं, "अन् याले जायचं होतं दीक्षाभूमीवर. मले म्हने, तू बस. मी काहून बसू? माया घरी सन नाही का? मारामारी व्हायची बाकी राहिली होती. मंग विश्वनाथनं आयडिया काढली. दर शनिवारी सगळ्याइसमोर दोन दहा पैसे उडवायचे. दोनी छापे पडले, आनंदराव बसन. दोनी काटे पडले, मी बसन. एक छापा एक काटा पडला, तो बसन. तिघं मानसं, तीन गोष्टी. कोनाची बोंब नाही."

"नाणी कोण उडवतो?"

"कोनीबी. कधी मी, कधी हा. हमालबी उडवतात."

नाणी टेबलाच्या खणातच होती. कौसल्याबाईंनी उलटसुलट करून पाहिली. साधी, सरळ नाणी.

एवढ्यात विश्वनाथ आला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. आल्या आल्या तो वाकून पाया पडला. "ओळखलं का, बाई? अठ्ठावन्न सालची दहावी. मी तुमचाच विद्यार्थी, आनंदाच्या वर्गातला. तुमच्यामुळे तर चार अक्षरं शिकलो."

"तेरा रविवार बसलास म्हणे."

"काय सांगू! पनौती लागली आहे मला. बायको म्हणते, आणखी एक रविवार बसलात तर माहेरी निघून जाईन." तो हसला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मलाही वाईट वाटतं, आनंदा आपलाच. पण बाई, चोराला आधी माहीत तरी हवं ना, आपली पाळी कधी येणार ते? शनिवारी संध्याकाळी नाणं पडेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं. असल्या भरवशावर अकरा पेट्यांचा बेत कोण करेल?"

बोलणं बिनतोड होतं. रविंद्रनंही मान डोलावली. "सही बात आहे."

दत्तोपंतांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन वाजले. बाई, चहा घ्या आणि जा."

४

कौसल्याबाईंनी चहा घेतला नाही. त्या भावाशेजारी बाकावर जाऊन बसल्या. तो दोन वीत सरकला.

तिघं माणसं, तीन गोष्टी. मग चोवीस रविवारांत प्रत्येकाला आठ यायला हवेत. एकाला सहा, एकाला पाच, हे पटतं. पण तेरा? पनौती म्हणून सोडून द्यायचं? पनौती हा शब्द वर्गात कोणी उच्चारला असता तर त्यांनी त्याला कान धरून उभं केलं असतं.

त्यांनी पर्समधून एक अठन्नी आणि एक चवन्नी काढली. सवयच होती ती. सारखी नाणी घेतली की डोळा फसतो, कुठलं कुठे पडलं ते कळत नाही. वेगळी घेतली की लपवाछपवी संपते. जुन्या पावतीच्या पाठीवर त्यांनी लिहायला सुरुवात केली.

अठन्नी छापा, चवन्नी छापा.
अठन्नी छापा, चवन्नी काटा.
अठन्नी काटा, चवन्नी छापा.
अठन्नी काटा, चवन्नी काटा.

पाचवं काही होऊच शकत नाही. चार शक्यता, चारही सारख्याच वजनाच्या. दोन छापे चारांत एकदा, दोन काटे चारांत एकदा. पण एक छापा एक काटा? तो दोन वाटांनी येतो. मधल्या दोन्ही ओळी त्याच्याच.

चोवीस रविवारांत आनंदरावला सहा, रविंद्रला सहा, विश्वनाथला बारा. आणि वहीत होते सहा, पाच, तेरा. नाणी अगदी प्रामाणिकपणे पडली होती. लबाडी नियमातच होती. पुढचा रविवार कोणता हे चोराला कळायची गरजच नव्हती. सहा महिन्यांत निम्मे आपले, एवढं माहीत असलं की बेत करता येतो. आणि वरून रडगाणंही गाता येतं.

"काय लिहून राहिली?" आनंदरावनं नाराजीनं विचारलं.

"गणित."

"मले नको दाखवू."

"नाही दाखवत. एक सांग. छापा तू मागितला होता?"

"नाई. विश्वनाथनं देल्ला. म्हने, छाप्यावर अशोकाचे सिंह आहेत, तो तुयाच मानाचा. रविंद्रले काटा देल्ला. अन् म्हने, उरलंसुरलं मी गरीब घेतो."

कौसल्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी करायची ती केलीच, आणि त्यासाठी ह्याच्या श्रद्धेलाच हात घातला मेल्यानं!

पण रागानं सिद्ध काही होत नव्हतं. विश्वनाथ उद्या म्हणेल, मला काय ठाऊक मधले दोन असतात ते? मी तर अडाण्यासारखा उरलेलं घेतलं, मीच फसलो. ज्याला माहीत नव्हतं तो बळी, ज्याला माहीत होतं तो चोर. आणि त्याला माहीत होतं हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

बाहेर फाटकाशी जमादाराची सायकल थांबली.

५

जमादारानं आनंदरावच्या खांद्यावर हात ठेवला. जयानं तोंडात पदर कोंबला.

"थांबा," कौसल्याबाई उठल्या. "दत्तोपंत, गंजलेले खिळे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. उद्या कंपनीचा माणूस येईल, तोही पाहील. ह्याला आत टाकलंत आणि माल दुसऱ्याच्या घरी निघाला, तर कंपनी कोणाला धरेल? तिघांच्याही खोल्या उघडा. आज एक, उद्या बाकीच्या. जमादारसाहेब, तुमची हरकत?"

"पन आज कोनाची?" जमादारानं विचारलं.

"ह्यांच्याच रिवाजानं ठरवू. नाणी उडवू. दोन छापे पडले तर आनंदरावची खोली, दोन काटे तर रविंद्रची, एक-एक पडला तर विश्वनाथची. ज्याचं नाव निघेल त्याची आत्ता, ह्या पावली. सहा महिने कोणाची तक्रार नव्हती ना?"

कंपनीचं नाव निघाल्यावर दत्तोपंत नरमले होते. "उडवा," ते म्हणाले.

"उडवा ना," रविंद्र म्हणाला. "माया घरी मच्छर सापडतीन."

"उडवा," आनंदराव म्हणाला.

विश्वनाथ हसत पुढे आला. "नाणी कशाला, बाई? तीन चिठ्ठ्या टाकू. पोलिसांचं काम आहे, जरा नीट व्हावं."

"नाण्यांत नीट काय नाही?"

"तसं नाही. बरं, उडवा. पण आज मी छापे घेतो. आनंदा, एक-एक आज तू घे यार. फार छळलं त्यानं मला."

"घेतो," आनंदराव लगेच म्हणाला. "मले काय, तिन्ही सारखेच."

"अजिबात नाही," कौसल्याबाईंनी त्याला दटावलं. "नियम आहे तो राहील."

"रूल म्हन्जे रूल," रविंद्र म्हणाला.

कौसल्याबाईंनी हात पुढे केला. तळव्यावर अठन्नी होती, शेजारी चवन्नी. विश्वनाथ त्या दोन नाण्यांकडे बघतच राहिला. हसू ओठांवर तसंच होतं, पण कपाळावर घाम आला होता. बाईंनी मूठ मिटली, हात वर नेला.

"हा अन्याय आहे!" तो ओरडला. "त्यांची चारांत एक-एक आणि माझी चारांत दोन? ही बरोबरी आहे का? तुम्हाला तर ठाऊक आहे, बाई! तुम्हीच शिकवलं होतं, हीच अठन्नी-चवन्नी घेऊन!"

बाहेर एक ट्रक भोंगा वाजवत गेला. 

"चोवीस शनिवार बरोबरी होती," कौसल्याबाई म्हणाल्या. "आज काय झालं रे, विश्वनाथ?"

रविंद्र बोटांवर मोजायला लागला होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं जी शिवी हासडली ती इथं लिहिण्यासारखी नाही. दत्तोपंत खुर्चीत बसले. जमादारानं आनंदरावच्या खांद्यावरचा हात काढला आणि तो विश्वनाथच्या इस्त्रीच्या शर्टावर ठेवला.

"चला. तुमचीच खोली पाहू."

ती खोली शहरात, जकात नाक्याच्या पलीकडे. खाटेखाली बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली दोन हेडं निघाली. नऊ विकून झाली होती. होळीत गिऱ्हाईक गावाला गेलं, म्हणून ही दोन राहिली होती.

६

दत्तोपंतांनी माफी मागितली नाही. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाले.

"पाहीन," आनंदराव म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

बसथांब्याजवळ चहाची टपरी होती. जया पुढे चालत होती, हे दोघं मागे, मधे तेच दोन वीत अंतर. टपरीपाशी तो थांबला.

"दाखव."

"काय?"

"तेच. काय लिहीत होती ते."

कौसल्याबाईंनी बाकड्यावर अठन्नी आणि चवन्नी ठेवली. एकेक उलटून दाखवलं. चार ओळी. मधल्या दोन त्याच्या. आनंदराव वाकून पाहत राहिला.

"म्हन्जे मी सहा महिने..." त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "तो म्हने, तू शिकवलं होतं. कवा?"

"अठ्ठावन्न साली. दिवाळीच्या सुटीआधी. पुस्तकातलं नव्हतं, तास मोकळा होता म्हणून शिकवलं. एकदाच."

"विश्वनाथले समजलं?"

"तासभर भांडला. म्हणे तीनच होतात, चार होऊच शकत नाहीत. शेवटी पटलं त्याला."

"मी त्याच वर्गात होतो ना?" आनंदरावच्या कपाळाला आठी पडली. तो खरोखरच आठवत होता. "मले काहून आठवत नाही? मी कुठी होतो तवा?"

कौसल्याबाईंना ते सगळं लख्ख दिसलं. फळा, हातातली नाणी, पहिल्या बाकावरून तावातावानं भांडणारा विश्वनाथ. आणि खिडकीबाहेर, व्हरांड्याच्या कडेला, उन्हात उभा असलेला सोळा वर्षांचा पोर. शेजारचा मुलगा हसला होता, आणि बाहेर त्यांनी ह्याला काढलं होतं.

"बाहेर," त्या म्हणाल्या. "वर्गाबाहेर. मीच काढलं होतं तुले."

 टपरीवाल्यानं तीन चहा आणून ठेवले.

"तू काही केलं नव्हतं," कौसल्याबाई म्हणाल्या. "तवाबी नाही. चूक माई होती, आनंदा."

 त्यानं दोन्ही नाणी बोटानं तिच्याकडे सरकवली आणि बाकड्यावर तिच्या शेजारी, अगदी जवळ, बसला.

"पयल्यापासून सांग," तो म्हणाला. "अन् सावकाश सांग, बाई."